भरतीच्या वेळेवर बेतलेला दिवस: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईच्या खाडीकाठी पक्षी कसे पाहावेत

पितृपक्ष सुरू होतो त्या सुमारास ठाणे खाडीच्या काठावर एक मोठा बदल घडतो. पाम बीच रस्त्यावरून रोज हजारो माणसे जातात, पण हा बदल त्यांतल्या फार थोड्यांच्या लक्षात येतो. पावसाळाभर रिकामी दिसणारी चिखलपट्टी हलू लागते. लांबून पाहिले तर चिखलच सरकतो आहे असे वाटते आणि दुर्बीण लावली की कळते की ते पक्षी आहेत, मुठीएवढे, करड्या-तपकिरी रंगाचे आणि शेकड्यांनी आलेले. त्यांतले काही सैबेरियाच्या टुंड्रा प्रदेशातून येतात, तर काही लडाख आणि तिबेटच्या उंचावरच्या पाणथळींतून. नेरूळ-सीवूड्सच्या इमारतींच्या पायथ्याशी ते पुढचे सहा-सात महिने राहणार असतात.

खाडी म्हटले की बहुतेकांना रोहित, म्हणजे फ्लेमिंगोच आठवतो. ज्यांना गुलाबी थवेच पाहायचे आहेत त्यांनी डिसेंबरनंतर यावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थोडेफार रोहित दिसतीलही, पण त्यांच्या भरवशावर दिवस आखू नये. हे दिवस नुकत्याच पोचलेल्या लहान पक्ष्यांचे आहेत. माझ्या मते खाडीचा हाच सर्वांत सुंदर काळ असतो, कारण याच दिवसांत एका पक्ष्याच्या अंगावर दोन ऋतूंची पिसे एकदम पाहायला मिळतात. मात्र हे पक्षी घड्याळाप्रमाणे वागत नाहीत. ते भरती-ओहोटीप्रमाणे वागतात, म्हणून आपला दिवसही तसाच आखावा लागतो. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

दिवस कसा निवडावा

मी खाडीवर पहिल्यांदा गेलो तो एका रविवारी, सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत. समोर अर्धा-एक किलोमीटर नुसता चिखल पसरलेला होता आणि त्याच्या पार टोकाला, पाण्याच्या रेषेवर, काही ठिपके हलत होते. दोन तास उभा राहून मी परतलो आणि इथे काही नसते असे घरी सांगितले. नंतर जेट्टीवर जाळे विणत बसलेल्या एका वयस्कर कोळीबाबांनी विचारले, की तुम्ही सुकतीला कशाला येता, पाणी चढताना या. तेव्हापासून मी तिथी पाहिल्याशिवाय निघत नाही.

ओहोटीला, म्हणजे सुकतीला, चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर दूरवर पांगून चरतात. पाणी चढू लागले की चरण्याची जागा आक्रसत जाते, पक्षी काठाकडे ढकलले जातात आणि पूर्ण भरतीच्या वेळी ते आतल्या तळ्यांत, खाजणांत आणि मिठागरांत दाटीवाटीने विश्रांती घेतात. त्यामुळे जवळून पाहण्याचा काळ म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे अडीच-तीन तास आणि नंतरचा एखादा तास.

भरतीची वेळ काढण्याचे कोकणपट्टीतले जुने गणित सोपे आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. दिवसा एक भरती आणि रात्री साधारण त्याच वेळेला दुसरी. शुद्ध आणि वद्य अशा दोन्ही पक्षांना हेच गणित लागू पडते. ते ढोबळ आहे, प्रत्यक्ष भरती बहुधा अर्धा-पाऊण तास उशिरा येते, आणि खाडीच्या आतल्या भागात पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो. म्हणून गणिताने दिवस निवडावा आणि नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी. मुंबईचे तक्ते सहसा अपोलो बंदरच्या वेळा देतात. ऐरोलीकडे जाणार असाल तर त्यांत थोडी भर धरावी.

या हिशेबाने दिवसभराच्या भटकंतीला द्वादशी किंवा त्रयोदशी सर्वांत सोयीची ठरते. भरती सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास भरते, म्हणजे उजाडल्यापासून पाणी चढत असते, आणि दुपारी चारच्या आसपास सुकती असते. तिचा उपयोग आपण वेगळ्या कामासाठी करणार आहोत. अष्टमी-नवमीच्या आसपास पाणी फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही; त्याला भांग म्हणतात. त्या दिवसांत पक्षी काठापर्यंत येतीलच असे नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण जोरदार असते, पण तेव्हा भरती भर दुपारी भरते आणि ऑक्टोबरच्या उन्हात पक्षी आणि माणूस दोघेही शिणतात.

सूर्य कुठे आहे ते पाहावे

भरतीइतकीच महत्त्वाची आणि तरीही कुणी फारशी न सांगणारी गोष्ट म्हणजे प्रकाशाची दिशा. नवी मुंबई खाडीच्या पूर्व काठावर आहे. सकाळी खाडीकडे तोंड करून उभे राहिले की सूर्य पाठीमागे असतो आणि पक्ष्यांवर थेट उजेड पडतो, त्यामुळे पायांचा लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखू येतो. संध्याकाळी त्याच जागेवरून सगळे पक्षी काळ्या सावल्या होतात. म्हणून ओळख पटवण्याचे काम सकाळी उरकावे. केवळ संध्याकाळच मोकळी असलेल्यांनी पश्चिम काठावर, म्हणजे मुलुंड-भांडुपच्या बाजूला जाणे बरे. या दिवसांत सूर्योदय साधारण साडेसहाला होतो, तेव्हा सव्वासहाला काठावर पोचलेले असावे.

बरोबर काय घ्यावे

दुर्बीण ८ × ४२ या मापाची असली की पुरते. आठपट दिसते, हात थरथरला तरी चित्र फार हलत नाही आणि भिंग मोठे असल्याने पहाटेच्या अंधूक उजेडातही काम भागते. चिखलावरच्या लहान पक्ष्यांसाठी स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, आणि तिपाई असेल तर फारच उत्तम, पण ती महाग वस्तू आहे; सुरुवातीला एखाद्या गटाबरोबर जाऊन त्यांच्या स्कोपमधून पाहावे. कॅमेरा असला तरी आधी दुर्बिणीतून पाहण्याची सवय लावावी, कारण पक्ष्याची चाल छायाचित्रात उतरत नाही आणि पुढे दिसेल की ओळख बरीचशी चालीवरूनच पटते.

कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे असावेत. तिवरांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांच्या, कडेला पहाटे आणि संध्याकाळी डासांचा त्रास चांगलाच असतो, तेव्हा ओडोमॉस विसरू नये. चिखल आणि काटेरी झुडपे दोन्ही लक्षात घेता बंद बूट हवेत. माणशी निदान दोन लिटर पाणी, टोपी आणि दशम्या-चटणीसारखा न सांडणारा डबा घ्यावा. छत्रीही असू द्यावी. परतीचा पाऊस दुपारी अचानक गाठतो. आणि एक छोटी वही, पेन्सिलीसह, कारण दमट हवेत शाई कागदावर फुटते.

सकाळ: सीवूड्स आणि करावे गावाकडची तळी

ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्स हार्बर मार्गावरची पनवेल लोकल पकडली की थेट सीवूड्स-दारावेला उतरता येते. ही गाडी ऐरोलीलाही थांबते, त्यामुळे दुपारचा प्रवासही याच मार्गाने होतो. स्थानकाबाहेरून रिक्षाने डीपीएस शाळेजवळच्या तळ्यापाशी किंवा एनआरआय वसाहतीमागच्या पाणथळीपाशी जावे. टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागचा भाग असेही लोक या पाणथळीला ओळखतात. डीपीएस तळे सुमारे ३० एकरांचे आहे. ही तळी खाडीशी नळ्यांनी किंवा चरांनी जोडलेली असतात आणि भरतीचे पाणी आत-बाहेर खेळत राहिले तरच ती जिवंत राहतात. ती वाट बुजली की तळे आटते, शेवाळ माजते आणि पक्षी दुसरीकडे जातात. खाडीतला चिखल भरतीत बुडतो तेव्हा पक्ष्यांना पाय टेकायला अशा उथळ जागाच उरतात. पक्षीमित्र आणि स्थानिक रहिवासी या तळ्यांसाठी इतक्या पोटतिडकीने का भांडतात ते एका भरतीला तिथे उभे राहिले की समजते.

पोचल्यावर पहिली वीस मिनिटे चालू नये. काठावर, एखाद्या झुडपाच्या आडोशाला, शक्यतो बसून राहावे. माणसाची उभी आकृती आकाशावर उमटली की पक्षी दूर सरकतात. बसलेल्या माणसाला ते लवकर स्वीकारतात. मग डावीकडून उजवीकडे दुर्बिणीने सावकाश एक फेरी करावी आणि आधी मोठे पक्षी उरकून घ्यावेत. ते सोपे असतात आणि त्यांच्या आकाराशी तुलना करून लहान पक्षी मापता येतात.

मोठ्यांमध्ये राखी बगळा, जांभळा बगळा आणि मोठा बगळा दिसतील. डोके-मान काळी आणि अंग पांढरे असा बाकदार चोचीचा पक्षी म्हणजे काळ्या डोक्याचा शराटी. त्याच घडणीचा पण गडद, उन्हात हिरवा-तांबूस चमकणारा तो मोर शराटी. गुलाबी झाक असलेला रंगीत करकोचा, म्हणजे चित्रबलाक, थोड्या संख्येने येतो. लालसर-गुलाबी काड्यांसारखे लांब पाय, काळे पंख आणि पांढरे अंग असा शेकाट्या तर हमखास दिसणार. बगळ्यांत एक खास खाडीचा आहे, तो समुद्री बगळा. त्याचे दोन रंग असतात, एक पाटीसारखा करडा आणि दुसरा पांढरा. करडा असेल तर हनुवटीखालचा पांढरा डाग पाहावा. पांढरा असेल तर लहान बगळ्याशी गल्लत होते आणि तेव्हा चोचीची जाडी व रंग नीट न्याहाळावा लागतो.

लहान पक्ष्यांची ओळख

इथे घाई करू नये, कारण दिवसाचा खरा ऐवज इथेच आहे. या पक्ष्यांची मराठी नावे पुस्तकागणिक बदलतात, म्हणून मी प्रचलित इंग्रजी नावही बरोबर देतो. गटात बोलताना दोन्ही कामाला येतात.

रंग पाहण्याआधी चाल पाहावी. चिखल्या, म्हणजे प्लोव्हर कुळातले पक्षी, डोळ्यांनी भक्ष्य शोधतात. त्यामुळे ते तुरुतुरु धावतात, एकदम थांबतात, बघतात, टिपतात आणि पुन्हा धावतात. त्यांची चोच आखूड आणि डोळे मोठे असतात. सँडपायपर कुळातले पक्षी चोचीच्या संवेदनशील टोकाने चिखल चाचपतात. ते मान खाली घालून सतत चालत राहतात आणि चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली होत राहते. एवढा एक फरक डोळ्यांत बसला की समोरच्या थव्याचे दोन भाग आपोआप पडतात.

मग पाय पाहावेत. नारिंगी-लाल पाय आणि उडताना पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा दिसला की तो रेडशँक, लाल पायांचा टिलवा. खाडीवरचा पहारेकरी तोच. माणूस जवळ आला की तो सर्वांत आधी ओरडत उठतो आणि सगळा थवा उठवतो, म्हणून त्याच्या हालचालीवर लक्ष ठेवले की आपण किती जवळ गेलो आहोत ते कळते. त्याहून मोठा, हिरवट पायांचा आणि किंचित वर वळलेल्या चोचीचा तो ग्रीनशँक. त्याच्यासारखाच दिसणारा पण सडपातळ, सुईसारख्या सरळ बारीक चोचीचा तो मार्श सँडपायपर. एकटाच काठाच्या दगडावर बसून शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवणारा तो तुतवार, कॉमन सँडपायपर.

चोच सगळ्यांत बोलकी असते. लांब, सरळ, बुडाशी गुलाबी आणि टोकाला काळी चोच पोटापर्यंतच्या पाण्यात खुपसणारे उंच पक्षी म्हणजे मलगुजा, काळ्या शेपटीचा गॉडविट. चोच खाली वळलेली आणि डोक्याच्या दुपटीहून कितीतरी लांब असेल तर तो कर्ल्यू. तशीच पण आखूड चोच आणि डोक्यावर गडद पट्टे असतील तर व्हिम्ब्रेल.

आता त्या दोन ऋतूंच्या पिसांकडे येऊ. कर्ल्यू सँडपायपर हा सुमारे १९-२० सेंटिमीटरचा, खाली वळलेल्या चोचीचा पक्षी सैबेरियाच्या टुंड्रात वीण करतो. विणीच्या काळात त्याचे पोट विटेसारखे लाल असते आणि हिवाळ्यात ते पांढरे होते. आपल्याकडे तो पोचतो तेव्हा हा बदल अर्धा झालेला असतो. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस करावेच्या बाजूला माझ्यापासून जेमतेम वीस पावलांवर असा एक पक्षी आला. छाती पांढरी झालेली, पण पोटावर विटकरी रंगाचे पाच-सहा डाग, एखाद्या भिंतीचा रंग उडून खालची वीट दिसावी तसे. त्याने पाठीत चोच खुपसून एक लहानसे पीस ओढून काढले, चोच झटकली, आणि ते पीस पाण्यावर तरंगत तिवराच्या मुळाशी जाऊन अडकले. ते टुंड्रात उगवलेले पीस होते.

त्याच थव्यात पाठीवर खवल्यांसारखी नक्षी असलेले, प्रत्येक पिसाला फिकट कडा असलेले, नीटनेटके दिसणारे पक्षी शोधावेत. ती या वर्षीची पिल्ले असतात. कर्ल्यू सँडपायपरसारख्या जातींत मोठे पक्षी आधी निघून येतात आणि पिल्ले काही आठवड्यांनी, पूर्वी कधी न केलेल्या वाटेने, आपली आपण पोचतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला रंग उडालेले प्रौढ पक्षी जास्त आणि ऑक्टोबरकडे खवल्या पाठीची पिल्ले जास्त, असा बदल दोन-तीन फेऱ्यांत स्वतःला टिपता येतो. चिमणीएवढा, काळ्या पायांचा, सर्वांत लहान आणि सर्वांत घाईचा तो लिटल स्टिंट, छोटा टिलवा. तुलनेसाठी तो फार उपयोगी पडतो.

बदकांबाबत एक सावधगिरी बाळगावी. भुवई बदक, म्हणजे गार्गनी, लवकर येणाऱ्यांपैकी आहे. पण पुस्तकात दाखवलेली नराची ठळक पांढरी भुवई या दिवसांत नसते. नराने विणीची पिसे टाकलेली असतात आणि तो मादीसारखाच दिसतो. म्हणून चित्राशी जुळत नाही एवढ्यावरून पक्षी बाद करू नये. थापट्या आणि तलवार बदक बहुधा थोडे मागून येतात. हळदी-कुंकू बदक मात्र इथलेच, बाराही महिन्यांचे.

पाणी फिरल्यानंतर

साडेदहा-अकराला पाणी उतरू लागले की तळ्यातले थवे एकामागून एक उठून खाडीकडे जातात. हा क्षण चुकवू नये. डोक्यावरून जाणाऱ्या थव्यात रेडशँकच्या पंखांची पांढरी कडा, मलगुजाच्या शेपटीचा काळा पट्टा, कर्ल्यू सँडपायपरच्या कमरेवरचा पांढरा भाग असे सगळे दोन-तीन सेकंदांत पाहून घ्यावे लागते.

पक्षी मोजायची पद्धतही याच वेळी शिकावी. आधी दहा पक्षी एकेक करून मोजावेत, त्या दहांनी थव्यात किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरावे आणि तेवढे घास थव्यात किती बसतात ते पाहावे. हजाराच्या आसपास थवा असेल तर शंभराचा घास धरावा. सुरुवातीला आपण नेहमी कमी मोजतो.

अकरा ते दोनच्या दरम्यान खाडीवर फार काही करू नये. चिखलावरची तापलेली हवा थरथरते आणि स्कोपमधून पाहिले तर पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर मासळीच्या होड्या लागतात. तिथे सावलीत बसून घारी, ब्राह्मणी घारी आणि सुरय, म्हणजे टर्न, पाहता येतात. जाड काळ्या चोचीचा गल-बिल्ड टर्न आणि मोठ्या लाल चोचीचा कॅस्पियन टर्न चोचीवरूनच वेगळे काढता येतात. कुरव, म्हणजे गल, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वाढत जातात. जेट्टी ही कोळी बांधवांची कामाची जागा आहे. त्यांच्या वाटेत तिपाई मांडू नये आणि बायका मासळी निवडत असताना न विचारता फोटो काढू नयेत. आपुलकीने विचारले तर कुठल्या कोपऱ्यात कोणता पक्षी बसतो हे तिथली माणसे कुठल्याही पुस्तकापेक्षा अचूक सांगतात.

दुपार: ऐरोली, सुकती आणि निवटी

ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. हा कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला. समोरच्या खाडीचा सुमारे १६९० हेक्टर भाग २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. केंद्राकडून होडीच्या फेऱ्या असतात, पण त्या भरतीच्या पाण्यावर अवलंबून असल्याने वेळ रोज बदलते. नोंदणी आणि सुटीचा वार आधीच विचारून घ्यावा. आपण आज सुकतीला आलो आहोत, तेव्हा होडी मिळाली नाही तरी हळहळू नये. कांदळवनातली पायवाट सुकतीलाच पाहावी.

तिवराभोवती चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी मुळे वर आलेली दिसतील. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाड ही श्वासमुळे हवेत काढते. तिवराच्या पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवून चाखले तर खारट लागते. जास्तीचे मीठ झाड पानांतून बाहेर टाकते.

त्या मुळांमध्ये एका वीतभर चिखलावर नजर स्थिर करून पाच मिनिटे उभे राहावे. आधी काही दिसणार नाही. मग चिखलाचा एक गोळा डोळे वर काढेल. ती निवटी. हा मासा ओल्या कातडीतून आणि कल्ल्यांच्या पोकळीत साठवलेल्या पाण्याच्या आधाराने बराच वेळ पाण्याबाहेर राहतो. पुढच्या परांवर कोपरे टेकल्यासारखी ती सरकते, डोळे आत ओढून ओले करते आणि पुन्हा वर काढते. दुसरा नर हद्दीत आला की पाठीवरचा पर शिडासारखा उभा राहतो आणि दोघेही तोंड वासून समोरासमोर येतात. आगरी-कोळी घरांत तळलेल्या निवट्या आवडीने खातात, म्हणून ठाण्या-बेलापूरकडच्या अनेकांना हा मासा ताटातला म्हणून ठाऊक असतो. चिखलावर चालताना मात्र तो पुष्कळांनी पाहिलेला नसतो. शेजारीच एक नांगी अंगाएवढी मोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी हलवून माद्यांना बोलावत असतील. खाण्यासाठी मात्र ते लहान नांगीच वापरतात. पाऊल जोरात आपटले की क्षणात सगळे बिळांत जातात आणि पुन्हा बाहेर यायला काही मिनिटे घेतात.

वर पाहायलाही विसरू नये. पावसाळा सरताना चतुरांचे थवे काठावर घिरट्या घालतात आणि निळ्या शेपटीचे वेडे राघू त्यांच्या मागे असतात. हे राघू इथून पुढे जाणारे पाहुणे आहेत, काही आठवडेच दिसतात. तिवरांच्या कडेच्या खांबावर कैकर, म्हणजे मासे मारणारा ऑस्प्रे, बसलेला सापडू शकतो. गवतावरून पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून संथ तरंगणारा तो दलदल भोवत्या.

या कांदळवनांत सोनेरी कोल्हेही राहतात. दिवस कलताना कधी बांधावर एखादा दिसतो, बऱ्याचदा नुसती कोल्हेकुई ऐकू येते. दिसला तर जागेवरच थांबावे, खाऊ टाकू नये आणि तो विचित्र वागत असेल, माणसाकडे सरळ येत असेल, तर लांब होऊन वनविभागाला कळवावे, कारण रेबीजचा धोका खरा असतो.

काय करू नये

चिखलात उतरू नये. वरून घट्ट दिसणारा थर पायाखाली गुडघ्यापर्यंत जातो आणि पाणी चढत असताना तिथे अडकणे जिवावर बेतू शकते. थवा उडवून फोटो काढण्याचा मोह आवरावा. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याच्या अंगावर चरबी उरलेली नसते. भरतीच्या वेळी त्याला वारंवार उठवणे म्हणजे जी ताकद तो चिखलातून कणाकणाने गोळा करतो आहे ती उधळायला लावणे. बसलेले पक्षी एकाच दिशेने मान वर करून उभे राहिले, तर आपण मर्यादेपर्यंत आलो आहोत. तिथेच थांबावे, आणखी एक पाऊल टाकू नये. परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याचा प्रकारही टाळावा. विश्रांतीच्या जागेचा नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी दुसऱ्या दिवशी तिथे किती माणसे येतील याचा विचार करावा.

संध्याकाळ आणि नोंद

साडेपाचनंतर सूर्य समोर येतो आणि रंग मिटतात. आता आकार पाहावेत. मान आखडून, पाय मागे सोडून जाणारे बगळे. मान लांब करून, पंख फडफडवत आणि मध्येच तरंगत जाणारे शराटी. पाण्याला लागून सरळ जाणारे पाणकावळे. रात्री बसायच्या झाडांकडे त्यांच्या रांगा जात असतात आणि त्याच वेळी रातबगळे उलट्या दिशेने, एक-एक करून, कामाला निघालेले असतात. त्यांचा 'क्वाक' असा एकच आवाज अंधार पडल्यावरही ऐकू येतो.

नोंद त्याच रात्री करावी. तारीख, तिथी, भरतीची वेळ, जागा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाहिले, प्रत्येक जातीची संख्या, आणि ओळख न पटलेल्या पक्ष्यांचे वर्णन, असे सगळे वहीत असावे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरली तर ती अभ्यासकांच्या कामी येते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जगभर एकाच दिवशी अशा याद्या भरल्या जातात, तो दिवस जमला तर साधावा. जाती सीवूड्स आणि ऐरोली अशा वेगवेगळ्या याद्यांत लिहाव्यात, एकत्र करू नयेत. शंका असेल तर नुसते 'सँडपायपर, जात अनिश्चित, ४०' असे लिहिणे योग्य. अंदाजाने लिहिलेले नाव पुढे कायमचे खोटे राहते.

झोपण्यापूर्वी दुर्बीण ओलसर मऊ कापडाने पुसून ठेवावी, कारण खाडीच्या हवेतले मीठ भिंगावर बसते आणि कोरड्या कापडाने घासले तर चरे पडतात. आणि दिनदर्शिका उघडून पंधरा दिवसांनी येणाऱ्या द्वादशीवर खूण करावी. तोपर्यंत थव्यातल्या खवल्या पाठीच्या पिल्लांची संख्या वाढलेली असेल.